प्रोब बदलला आणि खोट निम्मी झाली

काका,

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून हे उघड पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

लोखंडात आवाजाच्या लहरी सोडून आतली खोट शोधायची ती अल्ट्रासॉनिक तपासणी करायला तुमच्या आधी जे साहेब आले होते, त्यांनी अर्ध्या तासात आमच्या ४०० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर खडूने दोन रेघा ओढल्या. "२५ मिलिमीटरची खोट. रिजेक्ट." मी स्क्रीन बघायला पुढे झालो तर मशीनच पलीकडे वळवलं. "तुम्हाला काय कळणार त्यातलं?" खरंच कळत नव्हतं. बँकेचा हप्ता तेवढा कळत होता.

तुम्ही आलात, चहा नंतर म्हणालात आणि स्टूल ओढून स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत. मग प्रोब, म्हणजे आवाज आत सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा तो ठोकळा, सरळ माझ्या हातात. "सरकवा सावकाश. स्क्रीनवरची प्रतिध्वनीची रेघ निम्मी झाली की थांबा." हात ग्रीसने बरबटलेले, आणि इतकी वर्षं लोखंडात काढून मी पहिल्यांदाच लोखंडाच्या पोटात बघत होतो. खुणा तिथंच पडल्या. पंचवीस! माझा चेहरा उतरला. तुम्ही हसलात, २ मेगाहर्ट्झचा प्रोब काढून तेवढ्याच आकाराचा ४ चा लावलात. "आता परत." या वेळी जेमतेम बारा.

"खोट आकसली काय हो?"

मग चलनाच्या पाठीवर तुमचं गणित. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५९२० मीटर धावतो, प्रोब २४ मिलिमीटरचा, खोट २०० मिलिमीटर खोल. तिथे २ मेगाहर्ट्झच्या आवाजाचा झोतच पंचवीसेक मिलिमीटर रुंद, ४ चा त्याच्या निम्मा. बॅटरीच्या उजेडाने मुंगी मोजावी तसं झालेलं, माप उजेडाचं! खोट झोतापेक्षा मोठी असेल तरच निम्म्या रेघेचं माप खरं. लहान असली तर रेघेच्या उंचीवरून आलेखात बघायचं. तुम्ही बघितलंत: तिचा प्रतिध्वनी अडीच मिलिमीटरच्या सपाट बुडाच्या भोकाएवढा. ड्रॉइंगवर मुभा तीनची.

मी पेढे आणायला पोरगा पाठवणार, तर तुम्हीच अडवलंत. खोट कलती असेल तर आवाज भलतीकडे परततो आणि ती आहे त्याहून लहान दिसते, म्हणालात. शाफ्ट फिरवून फिरवून सगळीकडून बघितलात, तिरका प्रोबही लावलात. चहा तीन वाजता झाला. रिपोर्टात स्वच्छ लिहिलंत, 'समतुल्य आकार, प्रत्यक्ष माप नव्हे'.

जॉब पास झाला म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही रिजेक्ट केला असता, तरी स्क्रीन वळवून दाखवल्यावर मी तो गुमान भंगारात घातला असता आणि रात्री झोपलोही असतो. डॉक्टर असो, गाडीचा मिस्त्री असो, समोरच्याला दाखवून सांगणारा माणूस भेटला की निम्मं दुखणं तिथंच उतरतं.

बिल अजून आलेलं नाही. दोनदा विचारलं, दोनदा तुम्ही विषय बदललात. पाठवा. चलनाचा तो कागद मात्र मागू नका, तो मी देणार नाही.