वळचण मोकळी करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या लेस्टरमधल्या आमच्या चार घरांच्या माळ्यांवर ऐन थंडीत तुम्ही गुडघ्यांवर रांगलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही दाखवलंत ते इथल्या बाकीच्या मराठी घरांच्याही कामाचं आहे.

छताला काळे डाग दिसले की सगळे कौलांना दोष देतात. तुम्ही मात्र आधी बॅटरी मारलीत ती फेल्टमधून, म्हणजे कौलांखालच्या जाड कापडी थरातून, बाहेर आलेल्या खिळ्यांवर. प्रत्येकाच्या टोकाला थेंब. कौल फुटलेलं असतं तर एकाच जागी ओघळ दिसला असता. सगळीकडे सारखं पाणी म्हणजे घरातलीच वाफ वर जाऊन गार होऊन तिचं पाणी होतं आहे. 20 अंशांच्या खोलीत 60 टक्के आर्द्रता असली, तर 12 अंश किंवा त्याहून गार असलेल्या कशावरही दव धरतं. हिवाळ्यात माळा त्याहून गार असतो, आणि खाली अंथरलेली इन्सुलेशनची लोकर जितकी जाड, तितका तो आणखी गार! लोकर ऊब अडवते, वाफ नाही, हे तुम्ही किती वेळा बजावलंत.

खरी मेख वळचणीत होती. तुळयांच्या मधे 100 मिलिमीटर आणि त्यावर आडवी 170, अशी 270 ची लोकर बरोबरच होती, पण ती कडेपर्यंत ठासलेली, त्यामुळे हवेची वाट बंद. नुसती मागे ओढली असती तर भिंतीचा माथा उघडा पडून खोलीच्या वरच्या कोपऱ्यात बुरशी आली असती. दोन्ही चुका त्याच दीड फुटात होतात. तुम्ही दर दोन वाशांमध्ये हवेची वाट मोकळी ठेवणारा प्लास्टिकचा ट्रे बसवलात, लोकर भिंतीच्या माथ्यावर नीट पसरलीत आणि 50 मिलिमीटरचा लाकडी ठोकळा फिरवून फेल्टखालची फट सगळीकडे तपासलीत. सोफिट, म्हणजे वळचणीखालची फळी, बंद होता तिथे फेल्टच्या जोडांत लॅप व्हेंट, म्हणजे जोड थोडा उघडा धरणारे तुकडे, सरकवलेत, समोरासमोर दोन्ही बाजूंना, म्हणजे हवा आरपार जाते.

बाथरूमच्या पंख्याचा पाइप माळ्यातच सोडून दिलेला होता. सेकंदाला 15 लिटर दमट हवा थेट लोकरीवर! आता तो इन्सुलेशन असलेला पाइप बाहेरच्या बाजूला उतार देऊन भिंतीबाहेर काढला आहे, त्यामुळे आत साचलेलं पाणी पंख्यात परत येत नाही. माळ्याच्या झाकणाला फोमची पट्टी लागली. विजेच्या तारा लोकरीखालून वर घेतल्यात, कारण दबलेली तार तापते. पाण्याच्या टाकीखालची लोकर काढून बाजूंना आणि झाकणावर घातलीत. खालून येणारी थोडी ऊब टाकीला गोठू देत नाही.

तुमचा तो 50 चा ठोकळा आमच्या माळ्यावरच राहिलाय, काका. न्यायला काकूंना घेऊन या, जेवायलाच.

तुमचीच,
गल्लीतली चार बिऱ्हाडं