विम्याच्या कार्डावर हॉस्पिटल मिळते, फॅमिली डॉक्टर का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी आरोग्य विम्याच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळते. ही मोठी सोय आहे आणि मोठ्या दुखण्यात कितीतरी घरांना तिचाच आधार वाटतो. पण या सगळ्या चर्चेत एका माणसाचे नावच निघत नाही, आणि तो म्हणजे आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर.

या योजना जाग्या होतात त्या माणूस खाटेला खिळल्यावर. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे ज्याचे त्याने बघायचे. रक्तदाबाच्या रुग्णाला महिन्याच्या महिन्याला तपासणारा, गोळीचा डोस बदलून देणारा, पायावरची सूज बघून ‘आजच ईसीजी काढून घ्या’ म्हणणारा डॉक्टर विम्याच्या हिशेबात बसत नाही. त्याची फी पदरची, गोळ्याही पदरच्या. मग महिनाअखेरीला गोळी दिवसाआड घेतली जाते. अर्धांगाचा झटका आला की मात्र विमा लाखांनी खर्च करायला तयार! झटका येऊ नये म्हणून लागणारे चार पैसे कोणी का देऊ नयेत, हे मला आजवर समजलेले नाही.

सरकारी रुग्णालये आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफतही आहेत. पण केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचे आणि दर खेपेला नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळे सांगायचे, यासाठी रोजंदारीच्या माणसाचा खाडा होतो. तो आजार अंगावर काढतो.

खरे तर दुसरी पद्धत आपल्याच देशात आहे. प्रा. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आपण ज्याला ईएसआय म्हणतो ती हीच. तिच्यात दवाखान्यांच्या जोडीला खासगी डॉक्टरांचे पॅनल आले. पॅनलच्या डॉक्टरला तपासणीगणिक पैसे मिळत नाहीत. त्याच्या यादीवर जेवढे कामगार, तेवढ्यांची ठरलेली रक्कम मिळते. इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने अशीच रीत घातली होती. यात डॉक्टरला विनाकारण इंजेक्शन टोचून फायदा नाही आणि कामगाराला हक्काचा, ओळखीचा डॉक्टर मिळतो. गिरणगावातल्या जुन्या माणसांना ‘पॅनलचा डॉक्टर’ विचारा, ते नावासकट सांगतील.

आज तो शोधून मिळत नाही. माझे यजमान कारखान्यात कामाला आहेत. घर बदलल्यावर नव्या भागातला पॅनल डॉक्टर शोधायला आम्ही यादी घेऊन निघालो. एका पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. दुसरे डॉक्टर वारले होते आणि त्यांचा मुलगा दातांचा दवाखाना चालवत होता. दाराशेजारची विमा योजनेची पाटी तेवढी तशीच होती. तिसऱ्या ठिकाणी कंपाउंडरने कार्ड हातातही न घेता सांगितले, ‘‘ताई, विम्याचे पेशंट बंद केलेत. पैसे भरून दाखवणार असाल तर बसा.’’ यजमानांना ताप होता. आम्ही बसलो.

पैशांचे बोलायचे तर कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. २१ हजार रुपये वेतनावर हे महिन्याला ८४० रुपये होतात, म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या वर. एवढे भरून साध्या तापाला खिशात हात घालायचा, हे कोणत्या न्यायाने? शिवाय प्रश्न नुसत्या औषधाचा नाही. आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण त्यासाठी योजनेच्या डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टर नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर भत्ता नाही. हक्काच्या पैशासाठी तापात फणफणणाऱ्या माणसाने दूरच्या दवाखान्यात हेलपाटे घालायचे.

पॅनल सोडणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर डॉक्टरांनी सांगितले की मिळणारी रक्कम आजच्या भाड्याला आणि औषधांना पुरत नाही, ती वेळेवर येत नाही आणि नोंदी भरता भरता पेशंट ताटकळतो. त्यांचे म्हणणे मला पटते. पैसे थकवायचे आणि सेवाभावाची अपेक्षा ठेवायची, असे कोणाच्याही बाबतीत चालणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पॅनल डॉक्टरची वार्षिक रक्कम महागाईप्रमाणे वाढवावी आणि ठरल्या तारखेला त्याच्या खात्यात जमा करावी. हीच पद्धत जनआरोग्य योजनेलाही लावावी, निदान मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांपासून सुरुवात करावी. कार्डधारकाने जवळचा डॉक्टर निवडावा आणि विम्याने त्याला वर्षाची रक्कम द्यावी. आणि या दोन्ही गोष्टींना वेळ लागणार असेल, तर तोवर एक काम लगेच होण्यासारखे आहे. संबंधित कार्यालयाने यादीतल्या प्रत्येक डॉक्टरला फोन करावा, जे नाहीत त्यांची नावे काढावीत, आणि प्रत्येक नावापुढे दवाखान्याची वेळ व ही खातरजमा कधी केली ती तारीख छापावी. त्याला ना कायदा बदलावा लागतो, ना अंदाजपत्रकात तरतूद लागते.

आपली विश्वासू,
एक वाचक