मांडीवर राहिलेली दोन खेळणी

प्रिय मित्रा,

काल रात्री आपण हरलो. आइस हॉकीचा सामना, घरच्या बर्फावर, शून्य-तीन. आकडा तुला कळला होताच, म्हणून तर रात्री तुझा मेसेज आला, "अरे, झालं काय?" मी उत्तर दिलं नाही. दोन ओळींत सांगून संपेल असा तो सामना नव्हता. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, गोलीने, म्हणजे गोलकीपरने, तीन गोल खाल्ले. मला ते सहन होत नाहीये. निदान तुझ्यापर्यंत तरी खरं काय घडलं ते पोचावं, म्हणून सकाळपासून लिहायला बसलोय.

काल खेळण्यांची रात्र होती. आपल्या संघाचा पहिला गोल झाला, की सगळ्या स्टँडमधून अस्वलं, ससे, कुत्री बर्फावर येऊन पडायची आणि मग पिशव्या भरभरून ती लहान मुलांकडे जायची. १९९३ साली कॅनडातल्या कॅम्लूप्स ब्लेझर्स या हॉकी संघाच्या सामन्यात हे पहिल्यांदा झालं, हे मला तूच सांगितलं होतंस, आणि तेव्हापासून दरवर्षी आपण दोघं एकेक खेळणं घेऊन जायचो. यंदा तू नाहीस, तरी मी दोन घेऊन गेलो. माझा ससा आणि तुझ्या नावाचा हत्ती. तुझ्या खुर्चीत आता एक आजोबा बसतात, म्हणून दोन्ही माझ्याच मांडीवर होती.

पहिला पिरियड आपण नुसते तग धरून होतो. त्यांचे शॉट चौदा, आपले सहा. दोन पॉवर प्ले मिळाले, म्हणजे त्यांचा एकजण शिक्षेमुळे बाहेर आणि आपण एकाने जास्त, तरी दोन्ही वाया गेले. पण शून्य-शून्य राहिलो ते केवळ आपल्या गोलीमुळे. एक सेव्ह तर मला आयुष्यभर आठवेल. त्यांचा पॉवर प्ले चालू होता. पक, ती रबराची चकती, उजव्या वर्तुळातून थेट डावीकडे, आपल्या दोघा डिफेन्समनच्या मधून आरपार गेला. पलीकडचा पोरगा स्टिक उचलून तयारच होता आणि समोर अर्धं जाळं उघडं. आपला गोली गुडघ्यांवर घसरत गेला, डावा पाय ताणला आणि पक पॅडच्या अगदी टोकाला, बुटाच्या वर, लागून कोपऱ्यात गेला. त्याचा आवाज आला रे. गोठवलेला पक आहे, एकशे सत्तर ग्रॅमपर्यंतचं कडक रबर, पॅडवर बसला की धप्प करतो. सगळं स्टँड उभं राहिलं. तो मात्र उठला, स्टिकने दोन्ही खांबांना टकटक केलं आणि खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या पुढच्या फेसऑफला वाकला.

आठवतंय ना, त्याचा पहिला मोसम? सतरा वर्षांचा होता. त्या रात्री त्याने सहा खाल्ले आणि दुसऱ्या पिरियडच्या मधेच त्याला बाहेर काढलं. मला वाटलं, पोरगं आता मान खाली घालून बसणार. पण टोपी घालून तो बाकाच्या टोकाला उभा राहिला आणि आपली थोड्या वेळाची शिफ्ट संपवून बदलायला येणाऱ्या प्रत्येकासाठी दार उघडत राहिला. तू मला कोपर मारून म्हणालास, "याच्याकडे बघ, हा टिकणार." टिकला. आता विसाचा आहे, संघात विशीच्या पोरांना तीनच जागा असतात त्यातली एक याची, आणि हा त्याचा शेवटचा मोसम. व्यावसायिक संघांच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. पण पुढे शिकायची सोय आहे. आपल्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे एका वर्षाची शिष्यवृत्ती असतेच, शिवाय पूर्वी इथे खेळलेल्या पोरांना अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद असायचं, ते २०२५ पासून उघडलं. म्हणजे कालच्यासारख्या रात्री कोण बघायला आलंय, याला त्याच्यासाठी मोल आहे. आणि काल तो असा खेळला, की बघणाऱ्याने वहीत दुसरं काही लिहिलंच नसेल.

आता दुसरा पिरियड. आपल्याला पाच विरुद्ध तीन मिळाले, सत्तर सेकंद. एवढी संधी मोसमात किती वेळा मिळते? आणि आपण काय केलं, तर वरच्या वर पक फिरवत राहिलो. डावा, मधला, उजवा, परत मधला. जाळ्यासमोर कुणी जाऊन उभं राहायलाच तयार नाही. त्यांच्या गोलीला सगळं स्वच्छ दिसत होतं. ओरडून माझा घसा बसला.

ती पाच-तीनची वेळ संपायला पाच-सहा सेकंद उरली असतील, तेव्हा पॉइंटवरून, म्हणजे जाळ्यापासून लांब त्या निळ्या ब्लू लाइनजवळून, एक शॉट उंच आला, आपल्या सेंटरने हवेतच स्टिक घातली आणि पक जाळ्यात. झालं! सगळीकडून खेळणी. आकाश फाटल्यासारखी. माझाही हात उठला होता, पण आपली जागा ब्लू लाइनच्या समोर, त्यामुळे मला गोल-लाइनजवळचा रेफ्री सरळ दिसत होता. तो दोन्ही हात आडवे फिरवत होता. गोल नाही. स्टिक आडव्या खांबाच्या वर, चार फुटांच्या वर, गेली होती. मी ससा आणि हत्ती घट्ट धरून उभा, आणि आजूबाजूला सगळे नाचताहेत. व्हिडिओ बघायला गेले, परत आले, तोच निर्णय. मोठ्या पडद्यावर मीही पाहिलं. स्टिक वर होती, यात वाद नाही.

हातातोंडाशी आलेला घास गेला, पण खरं नुकसान त्यानंतर झालं. बर्फ साफ करायला वीस मिनिटं लागली. आपली पोरं, त्यांची पोरं, सगळे स्टिकने खेळणी कडेला ढकलत होते. स्टँडमध्ये कुणाला काही सुचेना. ज्यांनी फेकली ते गप्प, ज्यांच्याकडे उरली ते ती कोटाखाली घालून बसले. आपला गोली पलीकडच्या टोकाला एकटाच गोल गोल फिरत अंग गरम ठेवत होता. मग तो जाळ्यासमोरच्या आपल्या क्रीझमध्ये आला, वाकला आणि मोठा हातमोजा काढून उघड्या बोटांनी बर्फावरून काहीतरी उचलायला लागला. खेळण्यांतून निघालेला पांढरा कापूस होता तो. एकेक पुंजका उचलून त्याने जाळ्याच्या मागे टाकला. पांढऱ्यावर पांढरं, मला इतक्या लांबून दिसतही नव्हतं, त्याच्या बोटांवरून कळलं. पकच्या वाटेत एक धागा नको म्हणून हा पोरगा ओणवा होऊन बर्फ चाचपत होता.

उरलेला पॉवर प्ले असाच गेला. सहा मिनिटांनी पहिला गोल बसला. दुसऱ्या पिरियडला टोकं बदलतात आणि बाक लांब पडतो, हे तुला सांगायला नकोच. आपली पाच पोरं दीड मिनिट आत अडकून होती, पाय जड झालेले. त्यातल्या एकाने जीव वाचवायला पक थेट पलीकडच्या टोकापर्यंत मारला, तर आइसिंगची शिट्टी. म्हणजे बदली नाही, तेच पाचजण, फेसऑफ पुन्हा आपल्याच टोकाला. फेसऑफ हरले, पॉइंटवरून शॉट, समोर गर्दी, कुणाच्या तरी स्टिकला लागून पकने दिशा बदलली. गोलीला दिसलाच नाही. त्यात त्याने काय करायचं होतं?

तिसऱ्यात आपल्याला आणखी दोन पॉवर प्ले मिळाले. दुसऱ्यावर जे झालं त्याचा राग मला अजून आहे, आणि तो मी तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी काढू? तो मागे पास देण्याचा प्रकार, तू गेल्या वर्षीच वैतागला होतास ना त्याला? अजून तोच चालू आहे. एकजण पक घेऊन मधल्या पट्ट्यापर्यंत जोरात येतो आणि मागून येणाऱ्यासाठी सोडून देतो. सगळ्या लीगला हे पाठ झालंय. त्यांचा फॉरवर्ड वाट बघतच होता. मागून येणारा आपला ४४ नंबर, सतरा वर्षांचा डिफेन्समन, पक त्याच्या स्टिकला लागायच्या आत त्या फॉरवर्डने मधेच उचलला आणि सुटला. एकटा. गोलीने पहिला शॉट छातीवर घेतला, रिबाउंड पायात पडला, तोही अडवला, तिसऱ्यांदा त्याच पोराने पडता पडता पक वर उचलला. शून्य-दोन, आणि तेही आपले पाच, त्यांचे चार असताना. ४४ त्याच्या मागे धावत आला होता, तो जाळ्याच्या मागे बोर्डला कपाळ टेकून उभा राहिला.

माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी त्या पोराला शिवी दिली. मी वळून बोललो. तू मला ओळखतोस, मी कधी कुणाच्या अध्यात नसतो, पण काल बोललो. सतराचं पोर ते, घरापासून लांब दुसऱ्यांच्या घरी राहतं, सकाळी शाळेत जातं. जो डाव त्याला शिकवला तोच तो खेळत होता. चूक त्या डावाची आहे, आणि तो बदलायचं काम बाकामागे उभं राहणाऱ्या मोठ्या माणसांचं आहे.

गोलीने काय केलं ते मात्र सांगतो. पाण्याची बाटली जाळ्यावर ठेवली, क्रीझ सोडून ४४ पाशी गेला, स्टिकने त्याच्या पायावर दोनदा थोपटलं आणि काहीतरी बोलला. काय बोलला देव जाणे. पोराने मान वर केली. पुढच्याच शिफ्टला त्याने अंगावर शॉट अडवला.

आपल्यापुढे दोन रांगांवर त्या बाई बसतात बघ, ज्यांच्या घरी गोली इतकी वर्षं राहिला. पूर्ण तिसरा पिरियड त्यांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळून धरलं होतं. गुंडाळायचं, सोडायचं. दोन मिनिटं उरली आणि त्याला सहाव्या खेळाडूसाठी बाहेर बोलावलं, तेव्हा कुठे त्यांनी ते सोडलं. रिकाम्या जाळ्यात तिसरा गेला. तो काही त्याच्या नावावर नाही. त्याच्यावर सदतीस शॉट आले, त्याने पस्तीस अडवले. हा आकडा लक्षात ठेव, शून्य-तीन विसरलास तरी चालेल.

शेवटची पस्तीस-चाळीस सेकंद उरली होती. तो परत जाळ्यात गेला. जाताना नेहमीसारखंच दोन्ही खांबांना टकटक.

भोंगा वाजला आणि मग निवेदकाने सांगितलं, ज्यांच्याकडे खेळणी आहेत त्यांनी टाका. हरल्यावर. कुणी ओरडलं नाही, कुणी नाचलं नाही. इथून तिथून थोडी थोडी पडत राहिली, संथ. माझा ससा बरा लांब गेला. तुझा हत्ती जड होता, बोर्डच्या कडेला आपटून बर्फावर आडवा पडला. खेळाडू आत जायला लागले होते. गोली थांबला. त्याच्या त्या रुंद स्टिकने, शेतात पाट मोकळा करावा तशी, तो खेळणी पिशव्यांकडे लोटत होता. त्याला बघून ४४ परत आला. मग आणखी दोघं. मी शेवटचं खेळणं उचललं जाईपर्यंत थांबलो, त्या बाईही थांबल्या होत्या. जाता जाता त्या मला म्हणाल्या, "त्याला आज भूक लागलेली असेल." एवढंच बोलल्या.

मार्चमध्ये घरचा शेवटचा सामना असेल, त्या रात्री विशीच्या तिघांना निरोप देतील. बर्फावर गालिचा अंथरतात आणि ज्यांच्या घरी राहिले ती माणसंही सोबत चालत येतात. गेल्या वर्षी तुझं येणं शेवटच्या क्षणी राहिलं. यंदा सुट्टी आत्ताच टाकून ठेव. आजोबांशी मी बोललोय, त्या रात्री ते माझ्या दुसऱ्या बाजूला बसायला तयार आहेत. तुझी खुर्ची तुलाच.

तुझा,
ब्लू लाइनवरचा सोबती