अण्णांच्या हातासाठी ॲक्युपंक्चर करावे का?

दादर, मुंबई
दि. २ नोव्हेंबर

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अण्णांना अर्धांगवायूचा झटका येऊन आता दोन महिने होत आले, पाय बराच सुधारला पण उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, आणि सोलापुरातील एक ॲक्युपंक्चरवाले, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून उपचार करणारे, काही बैठकींत हात उचलून दाखवण्याची हमी देत आहेत, तेव्हा जावे की न जावे, असे तू विचारले आहेस. माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात याच प्रश्नावरून आमच्या घरी पुष्कळ वाचन झाले आणि त्याहून जास्त वादंग झाले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझे मत विचारशील तर जरूर जावे. मात्र फिजिओथेरपीच्या आणि गोळ्यांच्या जोडीला, त्यांना सुट्टी देऊन नव्हे, आणि हमी देणाऱ्याकडे तर मुळीच नव्हे.

पुन्हा कधी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र सुईचा विचारही मनात आणू नकोस. झटका गुठळीमुळे आला आहे की मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बोटांची टोके टोचून रक्त काढले की झटका उतरतो, असा एक निरोप मोबाइलवर फिरत असतो. त्यात जाणारा वेळ फार महाग पडतो.

आता त्या बैठकीत नेमके काय होते ते सांगतो, कारण तुला त्याचीच उत्सुकता दिसते. भावाचाही उजवाच हात गेला होता, म्हणून सुया डोक्याच्या डाव्या बाजूला टोचल्या. टाळूच्या थोडे पुढून कानशिलाकडे उतरणारी एक तिरकी रेघ हे लोक धरतात. तिचा वरचा भाग पायासाठी, मधला हातासाठी आणि खालचा चेहऱ्यासाठी मानतात. केसासारखी बारीक सुई कवटीवर उभी न खुपसता कातडीखालून जवळजवळ आडवी सरकवली जाते आणि मग चिमटीत धरून भराभर फिरवली जाते. सुई डोक्यात असतानाच डॉक्टर भावाला म्हणत, "मूठ उघडा, पुन्हा मिटा, कोपर वाकवा." पुढे मनगटाजवळच्या सुयांना बॅटरीच्या यंत्राचे चिमटे लावले, तेव्हा अंगठा आपोआप उडताना पाहून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. तो अंगठा विजेने उडत होता, मेंदूच्या हुकमाने नव्हे, हे मी त्या वेळी बोललो नाही. खांद्याची ठणक मात्र कमी झाल्याचे भाऊ स्वतः सांगे, आणि ठणक कमी झाल्यामुळे व्यायामाला तो कुरकुर करीनासा झाला, हा लाभ मी लहान समजत नाही.

या उपचाराने हात सुधारतो का, हे ठरवणे अवघड का जाते ते पाहा. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहून सर्वांत वेगाने सावरतो. मेलेल्या भागाच्या आसपासचा आणि इतरत्रचा शाबूत मेंदू ते काम अंगावर घेऊ लागतो. या काळात जो कोणी उपचार करील, त्याच्या पदरी यश पडते. स्वीडनमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ७८ रुग्णांच्या चाचणीत, नेहमीच्या व्यायामाला सुयांची जोड मिळालेल्यांची प्रगती नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट दिसली. पुढे २००१ मध्ये तेथेच १५० रुग्णांवर चाचणी झाली, आणि या वेळी तुलनेच्या गटालाही, जाणवणारदेखील नाही इतक्या सौम्य विजेचा उपचार देण्यात आला. तेव्हा फरक उरला नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि २,२५७ रुग्ण होते. काही फायदा असू शकेल, पण चाचण्यांचा दर्जा पाहता खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा सूर आहे. मला तो प्रामाणिक वाटतो.

"मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो" हे वाक्य तुला त्या दवाखान्यात हमखास ऐकू येईल. सुई टोचल्यावर रक्तप्रवाहाचा वेग काही काळ बदलल्याचे डॉप्लर तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह मोजणाऱ्या तपासणीत, दिसू शकते. पण त्याने मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत आणि मानेतील रक्तवाहिनीत चरबी साचून ती अरुंद झाली असेल तर ती मोकळीही होत नाही. दुसरा झटका टाळायचा तर रक्तदाब, साखर, तंबाखू आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांकडेच पाहावे लागेल. अण्णांची तंबाखू सुटली का, हे तू लिहिले नाहीस.

त्या दवाखान्यात डॉ. कोटणीसांची तसबीर आहे असे तू लिहितोस. सोलापूरकरांना त्यांचा अभिमान असणारच. पण १९३८ मध्ये युद्धातील जखमींवर उपचार करायला भारतातून चीनला गेलेल्या, कोटणीसांसह पाच डॉक्टरांपैकी ही विद्या पुढे शिकून भारतात आणली ती कलकत्त्याच्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. कोटणीस तर १९४२ मध्येच तिकडे वारले. तसबिरीपेक्षा महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, ते पाहा.

सुया पाकीटबंद, एकदाच वापरायच्या असाव्यात आणि पाकीट तुझ्यासमोर फोडलेले असावे. अण्णा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर ते आधीच सांग. पेसमेकर असेल तर विजेचे यंत्र लावू देऊ नकोस, आणि मधुमेह असल्यामुळे पावलांना टोचू देताना फार जपावे. गोळ्या बंद करा असे कोणी म्हणालेच, तर तेथून उठून चालू लाग.

मुंबईला आणायचा विचार असेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे. तेथे फिजिओथेरपी आणि रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही मिळतात. राहण्याची चिंता करू नकोस, आमची पुढची खोली तळमजल्यावरच आहे. सीटी स्कॅनचा अहवाल आणि गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो आधी पाठव, म्हणजे मी तेथे जाऊन वेळ घेऊन ठेवीन.

अण्णांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक