आवाज एमीचा, पण बँड कोणाचा?

संपादक साहेब,

नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडची गायिका एमी वाइनहाऊस हिच्यावर पानभर लेख आला, फोटो एक नंबर, लिहिलंय पण चांगलं, तिची दारू आणि तिचा नवरा यावर तर अर्धं पान गेलंय, पण तिच्या 'बॅक टू ब्लॅक' अल्बममधलं ते जुन्या काळातलं वाटणारं म्युझिक वाजवलं कोणी याबद्दल एक ओळ नाही. मी मिरजेत वीस-बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवलंय, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो, म्हणून हे पत्र.

त्या अल्बममधली निर्माता मार्क रॉन्सनने केलेली बरीचशी गाणी, 'रिहॅब' धरून, डॅप-किंग्स नावाच्या न्यूयॉर्कच्या बँडने वाजवलीत. आणि हा बँड होता शेरॉन जोन्स या गायिकेचा. एमीला २००८ साली पाच ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले संगीताचे मोठे पुरस्कार, मिळाले. शेरॉनबाई तेव्हा एकावन्न वर्षांच्या होत्या आणि आपल्या इथे त्यांचं नाव कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

बाईंचा जन्म १९५६ चा, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावचा, म्हणजे फंकवाला गायक जेम्स ब्राउन जिथे लहानाचा मोठा झाला तेच गाव, आणि शेरॉनबाई न् त्यांची भावंडं घरी त्याचीच नक्कल करायची. पुढे सगळे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला आले, मग चर्चमध्ये गाणं, लग्नाच्या बँडमध्ये गाणं, दुसऱ्यांच्या मागे कोरस देणं, हे सगळं झालं पण स्वतःची रेकॉर्ड काही निघेना. एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाने काय सांगितलं ते त्या स्वतःच मुलाखतीत सांगायच्या, की तू फार काळी, फार जाडी, फार बुटकी आणि वयाने पण फार मोठी. मग काय, पोटासाठी रायकर्स आयलंडच्या जेलमध्ये गार्डची नोकरी केली, बँकेची कॅश नेणाऱ्या गाडीवर पण गार्ड होत्या. बुटक्या बाईला गार्ड म्हणून घेतात, गायला घेत नाहीत, असो.

१९९६ मध्ये ली फील्ड्स नावाच्या गायकाच्या रेकॉर्डिंगला कोरससाठी तीन बायका बोलावलेल्या, आल्या एकट्या शेरॉनबाई, आणि तिघींचे तिन्ही आवाज त्यांनी एकटीनेच गाऊन दिले. तिथे रेकॉर्डिंग करणाऱ्या गेब्रिएल रॉथने हे ऐकलं आणि तिथून गाडी सुरू झाली. तरी पहिला अल्बम यायला २००२ उजाडलं, म्हणजे वय शेहेचाळीस, त्या वयात मी वाजवणं सोडून मुलाच्या दुकानात बसायला लागलो होतो! पुढे या लोकांनी ब्रुकलिनच्या बुशविक भागातल्या एका जुन्या राहत्या घरात डॅपटोन नावाचा स्टुडिओ केला, सगळं रेकॉर्डिंग टेपवर. रॉन्सनला जो आवाज पाहिजे होता तो त्याला याच घरात सापडला.

आता जरा धंद्याचं बोलतो. हे लोक वाजवायचे ते फंक, म्हणजे जेम्स ब्राउनसारखं नाचायला लावणारं संगीत, त्यात सगळा जोर पहिल्या मात्रेवर, आपल्या समेसारखाच म्हणा ना, आणि ब्रासवाल्याने फक्त मधे एक ठोका द्यायचा आणि गप्प बसायचं. वाजवणं सोपं, गप्प बसणं महाकठीण, आमच्या बँडला तर ते कधीच जमलं नाही, गॅप दिसला की कोणीतरी फुंकलंच. त्यांचं '१०० डेज, १०० नाइट्स' हे गाणं इअरफोन लावून ऐका, ट्रंपेट-सॅक्स कसे आत येतात आणि लगेच बाहेर जातात, आणि वर बाईंचा आवाज कसा मोकळा फिरतो. स्टेजवर तर बूट काढून फेकून अनवाणी नाचायच्या.

२०१३ ला कॅन्सर निघाला, स्वादुपिंडाचा. अल्बम पुढे ढकलला, ऑपरेशन झालं, वर्षाच्या शेवटच्या दिवशी शेवटचा केमो आणि फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये शो, डोक्यावर केस नाहीत, विग पण नाही. त्या अल्बमला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं, बक्षीस नाही. मग आजार उलटला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीचे निकाल टीव्हीवर बघताना स्ट्रोक आला, तर त्यात पण चेष्टा, म्हणे ट्रम्पमुळेच आला. बोलणं जड झालं तरी बँडवाले शेजारी बसले की गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गुणगुणायच्या म्हणतात. १८ नोव्हेंबरला गेल्या, साठाव्या वर्षी.

आपल्याकडे पण सेबॅस्टियन डिसोझासारख्या गोव्याच्या किती अरेंजर लोकांनी वाद्यमेळ बांधून हिंदी गाणी सजवली आणि रेकॉर्डच्या कव्हरवर नाव मात्र संगीतकाराचं, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागलं असेल. एमीबद्दल तक्रार नाही हं, पोरगी गायलीय भारीच.

पुढच्या रविवारी कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा छापलात तरी चालेल. नाव डॅप-किंग्स असं लिहायचं, मधे छोटी रेघ. 'डॅम किंग' वगैरे छापू नका, मागे आमच्या बँडचं नाव बातमीत चुकलं होतं आणि त्या सीझनला दोन लग्नांच्या सुपाऱ्या गेल्या होत्या.

आपला,
एक जुना ट्रंपेटवाला, मिरज