स्लाइड दाखवणाऱ्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना, सोलापुरातनं

मॅडम, नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. गालाची बायोप्सी, मशेरीवाली आई, अशोक चौकातनं आलेलो आम्ही, एवढ्यावर ओळखाल.

कॅन्सरचा रिपोर्ट आल्यापासनं घरात एकच चाललेलं, मावशी म्हणायची उपास करून करून हिची प्रतिकारशक्ती गेली, शेजारचे कसल्या कसल्या पावडरी आणून द्यायलेले, आणि आई मान खाली घालून ऐकायची. मी फक्त रिपोर्टमधलं 'लिम्फोसाइट' काय ते विचारायला आलेलो, तुम्ही डबा बाजूला ठेवून आईलाच मायक्रोस्कोपला बसवलं की ओ!

ते जांभळे ठिपके म्हणजेच लिम्फोसाइट. ह्या तुमच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी, बघा केवढ्या जमल्यात, म्हणालात. शक्ती गेली नाही, गाठीनं अडवून धरलीय. कडेचा गुलाबी पट्टा म्हणजे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींनी विणलेलं कोलॅजनचं धाग्यांचं जाळं, लिम्फोसाइटमधल्या गाठीशी लढणाऱ्या बऱ्याच टी सेल तिथंच अडकतात, आत शिरलेल्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, त्याला गाठीच्या पेशींवरचं पीडी-एल१ हे प्रथिन चिकटलं की त्या थंड. मॅक्रोफेज ह्या साफसफाईच्या पेशी तर जखम भरायची समजून उलट गाठीलाच रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. मग पावडरीनं काय होणार, असं तुम्ही विचारलं आणि मावशी पहिल्यांदा गप्प बसली (बरं झालं).

गाठ पसरती कुठं ते सांगताना पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनचं १८८९चं सांगितलंत, बी सगळीकडं उडालं तरी मानवेल त्या जमिनीतच रुजतं. आईचं माहेर मंगळवेढ्याचं, शाळू कुठल्या रानात येतो ते तिला कोण शिकवणार, लगेच पटलं.

असल्या ब्रेकवर काम करणाऱ्या होंजो आणि ॲलिसन ह्या शास्त्रज्ञांना २०१८चं नोबेल मिळालं, ब्रेक काढून ह्या पेशींना परत लढायला लावणारी इम्युनोथेरपी त्यांच्याच कामातनं आली, हे सांगताना तुमचा चेहरा खुललेला. पण लगेच म्हणालात, सगळ्यांना लागू पडत नाही, कधी त्याच पेशी थायरॉइड, आतडं, फुप्फुसावर उठतात, आईचं आधी ऑपरेशन, पुढचं डॉक्टर ठरवतील. कारण विचारलं तर आडपडदा न ठेवता मशेरी म्हणालात, तेपण बरं केलंत.

ऑपरेशन झालं, टाके निघाले, तोंड अजून पूर्ण उघडत नाही म्हणून भाकरी दुधात कुस्करून खाती. उपास परत कधी धरू ते मॅडमनाच विचारून ये म्हणती, डाएटिशियनवर तिचा विश्वास नाही. सोमवारी येतो, शेंगाचटणी आणतोय, नको म्हणू नका.