पाचशे रुपयांचा चुना

दिनांक : १ जून २०२४ (नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, त्यातला आठवा)

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सोसायटी, नागपूर

विषय : गच्चीवर "विनापरवानगी रंगरंगोटी" केल्याबद्दल मला आलेली ५०० रुपये दंडाची नोटीस

संदर्भ : १) आपली नोटीस दि. २९ मे. २) माझे अर्ज दि. १४ एप्रिल २०२२, ८ मे २०२३ आणि २ एप्रिल २०२४ (तिन्ही अनुत्तरित).

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपली नोटीस बुधवारी दुपारी दोन वाजता मिळाली. लाइन गेलेली, लिफ्ट बंद, म्हणून चौकीदार चार मजले चढून आला. त्याला आधी माठातलं पाणी दिलं, बसवलं, आणि मग नोटीस वाचली. दुपारी दोनला, नवतप्यात, म्हाताऱ्या माणसाला जिने चढायला लावून जो कागद पाठवला, तो संध्याकाळी सातला पाठवला असता तर सोसायटीचं काही बिघडलं नसतं. पण तो आजचा विषय नाही.

"रंगरंगोटी" हा शब्द वाचून सौ. हसली. मी गच्चीवर मोर काढलेले नाहीत. माझ्या बेडरूमवर येतो तेवढ्या, १२ बाय १४ फुटांच्या भागावर चुन्याचे दोन हात मारले. चुना माझा, फेविकॉल माझं, कुंचाही माझा. चौकीदाराला बादल्या उचलायला दुपारच्या उन्हात वर नेलं असं नोटिशीत लिहिलं आहे, ते खोटं आहे. तेव्हा साडेपाच वाजले होते आणि मी त्याला शंभर रुपये दिले.

आता हा चुना का मारावा लागला, ते मी तीन अर्जांत लिहिलं आहे. आपण ते वाचलेले नसावेत, म्हणून चौथ्यांदा लिहितो.

२०२२ च्या जानेवारीत गळती थांबवण्यासाठी समितीने गच्चीवर डांबरी शीट टाकली. काळीकुट्ट. गळती थांबली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण त्याच वेळी मी सभेत उठून विचारलं होतं की नागपुरात, जिथं २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला जाऊन आला आहे, तिथं राहत्या घरांवर काळा तवा कोण ठेवतं? इतिवृत्तात माझं म्हणणं आलेलं नाही. "चहापानानंतर सभा संपली" एवढं मात्र आलेलं आहे.

मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवला. उष्णता कुठून येते आणि कुठं जाते, हे सांगून माझं घर चाललं. त्यामुळे अंदाजाने बोलत नाही. माझ्याकडे तापमान मोजायची गन आहे. रविवारी २६ मे रोजी दुपारी सव्वातीनला गच्चीवर मोजलेले आकडे असे : डांबरी शीट ६६ डिग्री, तिला लागूनच चुना मारलेला भाग ४९. मधे फक्त एक रेघ. रात्री साडेदहाला माझ्या बेडरूमचं छत आतून ३९, आणि ४०३ मधल्या काकूंच्या बेडरूमचं छत साडेत्रेचाळीस. काकू साक्षीला होत्या. त्यांनी स्टुलावर चढून हात छताला लावला आणि चटकन मागे घेतला. "तवा हो, भाऊ," एवढंच म्हणाल्या. ४०३ चा या अर्जाला पूर्ण पाठिंबा आहे. सही करायला त्यांना संकोच वाटतो, कारण त्यांचा पार्किंगचा अर्ज सध्या आपल्याकडे आहे. ४०१ चंही हेच म्हणणं आहे. ४०४ चे मालक पुण्याला असतात, पण फोनवर त्यांनीही "बघा काय ते" असं म्हटलं, ते मी होकारच धरतो. म्हणजे चौथ्या मजल्याचं एकमत आहे.

फक्त स्वतःच्याच बेडरूमवर चुना मारला, हा आपला दुसरा आक्षेप. नमुना कुठंतरी घ्यावाच लागतो. सगळी गच्ची रंगवली असती तर दंड किती आला असता, हाही विचार केला.

"पावसात धुऊन जाईल," असं सेक्रेटरी म्हणाले. जाऊ द्या की. पाऊस आल्यावर मला चुना नकोच आहे. आणि हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. अहमदाबादने २०१० चा उन्हाळा सोसला आणि २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करायचा आराखडा केला. पुढे तिथं गरिबांच्या वस्त्यांत छतं पांढरी करायचं काम झालं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. आणि आपण? लॉबीत ग्रॅनाइट बसवलं, अडीच लाखांचं. चुन्याचा माझा हिशेब सबंध गच्चीला मजुरीसकट बारा हजारांचा आहे. ग्रॅनाइटवर बसून गार वाटतं हे खरं, पण सोळा घरांनी लॉबीत झोपायचं का?

आता ३०२ बद्दल. मी हा विषय टाळणार होतो. शेजारधर्म मलाही कळतो. पण ज्यांच्या तोंडी तक्रारीवरून ही नोटीस निघाली, त्यांचं नाव नोटिशीत नसलं तरी सगळ्या सोसायटीला माहीत आहे.

३०२ मध्ये तीन एसी आहेत, दीड-दीड टनाचे. तिन्हींचे बाहेरचे युनिट डक्टमध्ये, बरोबर माझ्या खिडकीखाली. माझा कूलर त्या खिडकीत २०१३ पासून आहे, म्हणजे आपण सगळे राहायला आलो तेव्हापासून. एसी आले २०१९ ला. आधी कोण होतं, हे आपणच ठरवा. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता उपसतो आणि स्वतः खाल्लेली दीडेक किलोवॉट वीजही उष्णता करूनच बाहेर टाकतो. फुल लोडवर तिन्ही मिळून वीस किलोवॉट. म्हणजे दोन-दोन किलोवॉटचे दहा गीझर माझ्या खिडकीखाली चालू ठेवल्यासारखं झालं. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी भरली, तरी कूलर ओढणार ती ३०२ ची उच्छ्वासाची हवा. मी त्यांना युनिट रस्त्याच्या बाजूला फिरवून घ्या म्हटलं, पाइपिंग कसं करायचं तेही कागदावर काढून दिलं. ते म्हणाले, "गरम तं दरवर्षीच राह्यते, काका. तुम्हीपण एक एसी घेऊन टाका." म्हणजे मग माझी गरम हवा ४०३ च्या काकूंनी खायची.

शिवाय दर एप्रिलमध्ये त्यांच्याकडे गॅस भरायला माणूस येतो. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, महोदय. तो वापरून संपत नाही, गळतो. जोड तपासून गळती बंद करायची असते, दरवर्षी भरायचा नसतो. त्यांचा सर्वांत जुना एसी आर-२२ या जुन्या गॅसचा आहे. तो एक किलो गॅस हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवत होतो. आता माझ्याच खिडकीखाली प्रात्यक्षिक चालू आहे.

परवा, ३० मे रोजी, नागपुरात ५६ डिग्रीची बातमी आली आणि मग तो सेन्सरच बिघडलेला निघाला. त्यावर ३०२ ने आपल्या ग्रुपवर लिहिलं की बघा, तापमानवाढ वगैरे सगळं असंच असतं. त्याला चौदा अंगठे आले. आपलाही होता. सेन्सर बिघडला होता हे खरं, पण त्याच दिवशी शहरातली दुसरी यंत्रं ४४ दाखवत होती, ती बिघडलेली नव्हती. मी काही पर्यावरणवाला नाही. माझ्याकडे स्कूटर आहे आणि मी ती चालवतो. पण २०२३ हे जगाच्या तोवरच्या नोंदीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, १८५०-१९०० च्या जुन्या काळाच्या मानाने सरासरी जवळपास दीड डिग्रीने वर, हे मी ग्रुपवर टाकलं, तर ३०२ चं उत्तर : "दीड डिग्रीने काय होते?" चोवीसला लावलेला एसी सव्वीस देतो म्हणून हा गृहस्थ मेकॅनिक बोलावतो!

माझ्या कूलरचं पाणी त्यांच्या बाल्कनीत गळतं, असं त्यांचं म्हणणं असल्याचं कानावर आलं. थेंबभर पाणी असतं ते, आणि तेही भरताना. कूलर सोसायटीच्या टाकीवर चालतो, हाही आक्षेप ऐकला. मग कशावर चालवू? कूलरचा स्टँड डक्टमध्ये पुढे आलेला आहे हे खरं, पण उपविधी मी दोनदा वाचले, त्यात कूलर हा शब्द कुठंही नाही. उलट सभासदाच्या लेखी तक्रारीवर पुढच्याच समितीसभेत निर्णय घ्यावा आणि तो पंधरा दिवसांत कळवावा, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. २०२२ च्या एप्रिलपासून किती समितीसभा झाल्या?

गच्चीच्या चावीचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. गच्ची सामायिक आहे. इथले जुने लोक उन्हाळ्यात गच्चीवरच झोपत. संध्याकाळी पाच बादल्या शिंपडायच्या, वाफ निघून जाऊ द्यायची आणि नऊला गाद्या टाकायच्या. आम्ही दोघं २०२१ पर्यंत झोपत होतो. मग कुणाच्या तरी मुलांनी वर बाटल्या ठेवल्या (कुणाच्या ते मी लिहीत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या) आणि समितीने रात्री साडेआठला कुलूप घालायचा ठराव केला. बाटल्या त्यांच्या, शिक्षा आम्हाला. मंगळवारी रात्री दीडला सौ. घाबरीघुबरी होऊन उठली. अंग भट्टीसारखं, घाम नाही, बोलणं तुटक. ओला टॉवेल, पंखा, ओआरएस, आणि तिला लॉबीत नेऊन बसवलं. हो, त्याच ग्रॅनाइटवर. तासाभराने ती नीट बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर खाली आणलंत. आमच्या डोक्यावर दहा फुटांवर मोकळी गच्ची होती आणि चावी सेक्रेटरींच्या उशाशी. त्यांना फोन केला, तो सायलेंटवर होता. दुसऱ्याच दिवशी आपली नोटीस आली.

आणि कडुनिंब. गेटपाशी होता, आपल्यापेक्षा जुना. ३०२ च्या गाडीवर पक्षी बसतात म्हणून त्याची "छाटणी" झाली, डांबरी शीट टाकली त्याच महिन्यात. छाटणी झाल्यावर झाडाला निदान फांद्या उरायला हव्यात. इथं कमरेएवढा खुंट उरला. त्याभोवती पेव्हर ब्लॉक आणि त्यावर पत्र्याची शेड. चौकीदार पूर्वी त्या झाडाखाली खाट टाकून बसायचा, आता पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो. माझ्या गनने त्याच्या केबिनचं छत आतून ५३ दाखवलं. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी घेतली असेल तर तिची प्रत मला द्यावी. नसेल तर ग्रुपवर तसं लिहावं, म्हणजे चौदा जणांना अंगठे देता येतील.

माझं म्हणणं थोडकं आहे. सगळ्या गच्चीला या आठवड्यात चुना मारावा. उन्हाळाभर चौथ्या मजल्यावर गच्चीची एक चावी असावी, शक्यतो माझ्याकडे. ३०२ ची युनिटं फिरवून घ्यावीत, खर्च त्यांचा, देखरेख मी फुकट करीन. केबिनच्या पत्र्यावर उरलेला चुना मारावा, त्याला कुणाच्या ठरावाची गरज पडू नये. मी आजवर या सोसायटीत कुणाशी भांडलेलो नाही (पाण्याच्या मीटरचा प्रसंग वेगळा होता). आपण स्वतः माझ्याकडून तीनदा शिडी नेली आहे आणि दोनदा परत दिली आहे.

दंडाचे ५०० रुपये मी भरणार नाही. मेंटेनन्सच्या बिलात लावले तर तेवढे वजा करून चेक देईन.

कळावे,

आपला विश्वासू,
सदनिका क्र. ४०२

प्रत : सूचना फलकावर. (फलकाची चावीही सेक्रेटरींकडे असल्याने काचेवर बाहेरून चिकटवली आहे.)

ता. क. : उरलेला चुना जिन्याखाली बादलीत भिजवून ठेवला आहे. कृपया कुणी हलवू नये.